ओबाच्या चुलीजवळची राख

उरुमा, ओकिनावा
रविवार, १२ एप्रिल २०२६

तीर्थरूप आईंना,

सुचित्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. कागदावर पाया पडायला कंबर वाकवावी लागत नाही, म्हणून हा नमस्कार फुकटचा समजू नका. आज तो खरा आहे.

आम्ही तिघंही खुशाल. नीलकंठची लॅब, त्याची प्रवाळं, त्याचं उशिरा येणं, सगळं तुम्ही पाहिलं होतं तसंच. जुई आता तिसरीत गेली. पुढचे दोन दात आले, पण इतके मोठे की ती हसली की आधी दातच दिसतात. तुम्ही बाल्कनीत पेरलेली मेथी दोनदा खाल्ली. तिसऱ्यांदा गोगलगायींनी खाल्ली. इथे आताच घाम फुटायला लागलाय.

तुम्हाला वाटेल, रोज फोन होतो तर या बाईनं पत्र का लिहिलं. आई, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. मागे कुकरची शिट्टी, वहिनींचं ‘काय म्हणतेय सुचित्रा?’, धीरजभाऊजींच्या बातम्या. मी काही सांगायला तोंड उघडते आणि बाहेर पडतं ते ‘बरं आहे सगळं’. जानेवारीपासून मी एवढंच बोलतेय तुमच्याशी. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा फोन आधी चैत्राली उघडते. म्हणून कागद. पाकिटावर ‘फक्त आईंसाठी’ असं मुद्दाम लिहिलंय.

तुमची गोधडी पोचली. नीलकंठच्या लॅबमध्ये पुण्याहून अद्वय नावाचा नवा मुलगा आलाय, त्यानं स्वतःचे कपडे कमी करून बॅगेत बसवून आणली बिचाऱ्यानं. काय सुंदर झालीय आई! तुमची ती जांभळी इरकल मधोमध, आणि टाके तर मुंग्यांच्या रांगेसारखे. या वयात, त्या डोळ्यांनी. जुई तिच्यावर लोळली आणि म्हणाली की ही माझी. मी म्हटलं, नाही गं, ही ओबाची आहे.

आत पिशवीत ठेवलेली चिठ्ठीही मिळाली. ‘जपानीत लिहून दे’ असं तुम्ही वर लिहिलंय. मी आठ दिवस ती चिठ्ठी घेऊन बसलेय आणि एक ओळ लिहिली गेली नाही. जपानी येत नाही म्हणून नव्हे. तुम्हाला आठवत असेल काय लिहिलंत, तरी उतरवते:

‘ओबाताई, माझ्या हातून काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. तुमच्या देवाच्या चुलीपाशी मी यायला नको होतं. आमच्यातही आमच्यासारखीनं पुढं पुढं केलेलं चालत नाही. परक्या देशात आले म्हणून मी विसरले. ही गोधडी माझ्या हातची आहे, पण धुऊन उन्हात वाळवून पाठवलीय.’

धुऊन पाठवलीय! आई, हे वाचलं आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन. म्हणाल्या, आईंना समजाव बाई, मे महिन्यात चैत्रालीचं लग्न, आणि आई म्हणतात मी मागच्या रांगेत बसेन. पोरीनं हट्ट धरलाय की हळद लावायला पहिला हात आजीचाच. तुम्ही जपानला यायच्या आधी ‘बरं बाई’ म्हणून कबूल झाला होतात. आता म्हणता, ‘नको. लोक बोलत नाहीत, पण त्यांना कळतं. तिकडं दर्याच्या पलीकडच्या बाईलासुद्धा कळलं.’

वहिनी मला विचारत होत्या, तिकडे नक्की काय झालं होतं गं? मी म्हटलं, काही नाही हो, म्हातारपणाचा हळवेपणा. हे शब्द माझेच. चोर तो चोर, वर शिरजोर.

आता सांगते. पण एका दमात जमणार नाही, थोडी आडवळणानं येते. तुम्ही माझ्या बोलण्याला ‘सुचित्रेची प्रदक्षिणा’ म्हणता, तशीच.

तुम्हाला ते घर पहिल्या दिवशी आठवतं? याबिकुंचं, म्हणजे ओबाच्या सासरचं, दोनशे वर्षांचं जुनं घर. तिकीट काढून आत गेलो की समोर ती दगडी आडवी भिंत, मग अंगण, लाल कौलं, आणि कौलांवर तोंड वासून बसलेला मातीचा सिंह. मी माझं गाइडचं पाठांतर तुम्हाला ऐकवलं: भूतपिशाच सरळ रेषेतच चालतं, त्याला वळता येत नाही, म्हणून दारासमोर भिंत. तुम्ही लगेच म्हणालात, ‘इथली भुतं बरी साधी आहेत गं. आपल्याकडची वळणावरच दबा धरून बसतात.’ मी ते भाषांतर करून ओबाला सांगितलं आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तोंडावर हात धरून किती वेळ हसत होती.

इथे सगळ्याच आज्यांना ओबा म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘विठोबा, खंडोबा, तशी ही ओबा.’ झालं. तुमची मैत्री जमली. माझ्या बाइतोच्या दिवशी, म्हणजे माझ्या त्या अर्धवेळ नोकरीच्या दिवशी, तुम्ही डबा घेऊन माझ्याबरोबर यायला लागलात. मी आपली पर्यटकांना डुकरांचं खुराडं आणि धान्याची कोठी दाखवत फिरायची, आणि तुम्ही दोघी ओसरीवर. ती जपानीत बोलायची, तुम्ही मराठीत. तासन् तास. एकदा मी विचारलं, काय बोलता हो? तुम्ही म्हणालात, ‘तिचा नवरा बोटीवर होता, थोरली लेक नाहा शहरात असते, आणि तिलाही गुडघ्याचंच दुखणं आहे.’ आणि ते सगळं खरं निघालं!

तुम्हाला तिनं पहिल्या खोलीत बसवलं होतं. पाहुण्यांच्या, मानाच्या. तिथे मलासुद्धा बसायची परवानगी नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन तुम्ही म्हणालात, ‘हे गेल्यापासून नऊ वर्षांत मला कुणी असं पहिल्या खोलीत बसवलं नाही.’ तुम्ही सहज बोललात आणि भाजी चिरायला घेतलीत. मी ऐकून घेतलं आणि विसरले. आता आठवतंय.

आणि स्वयंपाकघर. मागच्या बाजूचं, काळं, धुरकटलेलं. चुलीमागे ते तीन दगड आणि पुढे उदबत्तीचं पांढरं भांडं, पाणी, मीठ, हिरवी पानं. तो त्यांचा हिनुकान, चुलीचा देव. मी तुम्हाला काही सांगायच्या आधीच तुम्ही तीन दगड पाहून हात जोडलेत. ‘चूल आहे ना? मग देवच.’ रोज आत आलात की आधी तिकडे नमस्कार. ओबानं ते पाहिलं होतं. तिनं एकदा मला विचारलंही, तुझ्या सासूला कुणी शिकवलं हे?

आता त्या शनिवारचं. संक्रांत बुधवारी झाली होती. तुम्ही इथल्या काळ्या साखरेचे तिळाचे लाडू केलेत आणि ओबाला नेऊन दिलेत, ते दगडासारखे झाले होते तरी तिनं चोखून चोखून खाल्ले. त्या शनिवारी पेपरवाले माझा फोटो काढायला येणार होते. ‘जुन्या घराची परदेशी गाइड’ म्हणून माझ्यावर अर्धं पान येणार होतं. आई, तुम्हाला माहीत नाही मी काय झाले होते त्या आठवड्यात. सहा वर्षं माझ्या व्हिसाच्या कार्डावर ‘डिपेंडंट’ लिहिलेलं. नीलकंठची बायको, जुईची आई. पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव विचारत होतं. मी त्या सकाळी तीन साड्या नेसून पाहिल्या. हवेतच होते म्हणा ना.

स्वयंपाकघरात फोटो काढायचा ठरला, आणि चुलीवरची ती तांब्याची किटली पाहिली तर काळीकुट्ट. मला वाटलं, ही अशी फोटोत? छे! शेजारी फळीवर एक मातीचा वाडगा होता, भरून राख. बारीक, वस्त्रगाळ, पांढुरकी. ओट्यावर लिंबं होती, ती इथली छोटी हिरवी. माझे हात आपोआप चालले. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत संगमनेरच्या मागच्या अंगणात तुम्हीच नाही का मला शिकवलं होतं, राख आणि लिंबू, बाजारातली पावडर कशाला? वाडग्यातली राख घेतली, लिंबू पिळलं आणि घासली. पुन्हा घेतली, पुन्हा घासली. किटली अशी झळकली की तोंड दिसावं. उरलेली राख लिंबाच्या पाण्यानं चिखल झाली होती, ती मी मोरीत ओतली आणि वाडगा स्वच्छ विसळून पालथा घातला.

ती हिनुकानची राख होती.

त्याचं उदबत्तीचं भांडं तडकलं होतं. नवं येईपर्यंत ओबानं आतली राख त्या वाडग्यात काढून ठेवली होती. ती राख फेकायची नसते, आई. सासू सुनेला देते, तिची सून तिच्या सुनेला. मुलगी नवं घर मांडते तेव्हा तिच्याबरोबर चिमूटभर. वर्षातून एकदा ती घरच्या बाईनंच चाळायची, बाकी कुणी बोट लावायचं नाही. युद्धात ही माणसं घर सोडून गुहेत लपली तेव्हा ओबाच्या सासूनं पोराच्या लंगोटात बांधून नेली होती ती. हे सगळं मी रोज पर्यटकांना सांगते. पढवलेल्या पोपटासारखी सांगते! आणि तीच राख समोर वाडग्यात आली तर मला ओळखू आली नाही. तुम्ही असतात तर वाडग्यालाही नमस्कार केला असतात.

ओबा आली. पालथा वाडगा पाहिला, मग मोरी पाहिली, मग किटली. ती ओरडली नाही. खालीच बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पेपरवाला दारात कॅमेरा लावत होता. घराची तिकिटं आणि गाइड सांभाळणाऱ्या ऑफिसचा माणूस त्याच्या मागे. ओबानं विचारलं, ‘कुणी केलं?’

माझी पाचावर धारण बसली. आणि ज्या वेगानं माझं डोकं चाललं ना आई, त्याचीच मला जास्त लाज वाटते. घाबरून तोंडातून काहीतरी निघालं असं नाही. मी हिशेबी विचार केला. म्हातारं माणूस, परदेशी, आठ दिवसांत निघून जाणार, त्यांना कोण काय बोलणार. आणि मी म्हटलं, ‘ओकासाननं केलं. त्यांना माहीत नव्हतं.’

तुम्ही तेवढ्यात जुईचा हात धरून दारात आला होतात. तुम्हाला जपानीतले मोजून पाच शब्द येत होते आणि त्यातला एक तो. जुईनंच शिकवला होता, ओकासान म्हणजे आई. तुम्ही तो ऐकलात आणि तुमचा चेहरा खुलला. तुम्हाला वाटलं मी पेपरवाल्याशी तुमची ओळख करून देतेय. तुम्ही पुढे आलात, छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘हो हो. ओकासान. ओकासान म्हणजे मीच.’ आणि सगळ्यांना कमरेतून वाकून नमस्कार केलात.

माझ्या खोट्यावर तुम्हीच सही केलीत, आई. आणि मी ती करू दिली.

मग तुम्हाला ओबा रडताना दिसली. तुम्ही लगबगीनं गेलात, तिच्याजवळ बसलात, तिचा हात हातात घेतलात. आणि तिनं तो सोडवून घेतला. जोरात नाही, पण घेतला. तुम्ही माझ्याकडे पाहून विचारलंत, ‘काय झालं गं त्यांना?’ मी म्हटलं, ‘काही नाही, गुडघा दुखतोय.’

गाडीत जुई मागून मला म्हणाली, ‘मामा, उसो.’ तुम्ही विचारलंत, उसो म्हणजे काय गं? मी म्हटलं, ऊस हवाय तिला. उसो म्हणजे खोटं, आई. ‘मम्मी, तू खोटं बोललीस’ असं म्हणत होती ती. मी तिला त्या दिवशी दोन आइस्क्रीम घेऊन दिली आणि आजीसमोर हा विषय काढायचा नाही असं बजावलं. पोटच्या पोरीला लाच दिली.

नंतरच्या आठ दिवसांत तुम्ही दोनदा गेलात तिकडे. पहिल्यांदा ओबा बाहेरच आली नाही, दुसऱ्याच बाईच्या हाती चहा पाठवला. दुसऱ्यांदा निरोप घ्यायला गेलात, तासभर ओसरीवर एकट्या बसलात आणि परत आलात. रात्री तुम्ही मला विचारलंत, ‘माझ्या हाताला लसणाचा वास येत होता का गं?’ मी म्हटलं, नाही हो. मग जरा वेळानं म्हणालात, ‘मग कळलं असेल तिला माझं. कुंकू नाही ना.’ मी म्हणू शकले असते, आई, ओबाचाही नवरा गेलाय, तीच मुळात विधवा आहे, इथे असलं काही नसतं. ते म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग काय कारण? म्हणून मी दिवा मालवला. तुमचं नऊ वर्षांचं जुनं दुखणं उकरून काढलं, आणि मी झोपले. झोप लागली मला, हेही सांगून टाकते.

पेपरात फोटो छापून आला. मी आणि झळकणारी किटली. मीच कात्रण पाठवलं, आणि तुम्ही ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंत. वहिनी म्हणाल्या, आल्यागेल्याला आई सांगतात, ही माझी धाकटी सून. ती फ्रेम उतरवा.

गोधडी आली त्या दिवशी जुईनं विचारलं, आजीनं चिठ्ठीत काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. तिला निम्मं मराठी कळत नाही, पण एवढं कळलं. म्हणाली, ‘सॉरी तर मामानं म्हणायचं ना? आजी का म्हणतेय?’ आठ वर्षांची पोर. मी तिला रागावले, गृहपाठ कर म्हटलं, आणि भांडी घासायला गेले. घासत बसले, घासत बसले.

काल शनिवारी पाच वाजता घर बंद झाल्यावर मी गोधडी घेऊन ओबाकडे गेले. ती स्वयंपाकघरात होती. मी दारातच गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. माझी जपानी अशा वेळी पाचवीतल्या मुलासारखी होते, पण त्यानं बरंच झालं. आडवळण घ्यायला शब्दच नव्हते. ‘मी घेतली. मी घासली. मी ओतली. ओकासाननं नाही.’

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग विचारलं, ‘त्यांनी छातीवर हात ठेवला ते?’

मी म्हटलं, ‘त्यांना वाटलं मी ओळख करून देतेय.’

‘आणि मी हात सोडवून घेतला.’ ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि आई, मला वाटलं होतं ती राखेवरून बोलेल. राखेचं तिनं एका वाक्यात संपवलं: नाहाच्या लेकीकडून चिमूटभर परत मागून आणली, आईनं लेकीपुढे हात पसरला, झालं ते झालं. पण नंतर म्हणाली, ‘मी सून म्हणून आल्यापासून या घरातून पाहुणा दुखावून गेला नाही. तू माझ्या हातून तो दुखावलास. हे मी कुठे ठेवू?’



अजून आहे. हिनुकान इथल्या जुन्या चांद्र वर्षाच्या शेवटी वर जातो आणि घरात कुणी काय केलं ते सगळं थोरल्या देवाला सांगतो. म्हणून त्याच्यापुढे बोलताना नुसतं ‘कुणीतरी’ म्हणून चालत नाही. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, बारा वर्षांच्या चक्रातल्या कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्म तेही सांगायचं, म्हणजे देवाची गफलत होत नाही. जानेवारीत ओबानं तुमच्यासाठी क्षमा मागितली होती. तुमचं नाव, इंदुमती पंढरीनाथ गुंजाळ, तिनं कागदावर लिहून पाठ केलं होतं. ‘भारतातलं संगमनेर गाव, सापाचं वर्ष, चांगली बाई आहे, अजाणतेपणी केलं, हिला त्रास देऊ नकोस.’ राग होता तरी तुमच्यासाठी हात जोडले तिनं. आणि फेब्रुवारीत तो देव ते घेऊन वर गेला. तुमचं नाव, माझं पाप.

तिनं मला आत बोलावलं. तीन दगडांपुढे बसवलं, उदबत्ती लावली आणि म्हणाली, ‘सांग. मी सांगणार नाही, तूच सांग.’ मी नाव सांगितलं. पत्ता सांगितला. सालाला अडखळले तर तिनं मोजून सांगितलं, सशाचं. नेमका ससा, आई! एवढी भित्री मी, दुसरं काय असणार. मग तिनं मला तीनदा म्हणायला लावलं: आधी सांगितलेलं नाव चुकीचं आहे. ती बाई नव्हे. ही बाई.

उठताना तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती नीट वाचा. नोकरी ऑफिसची आहे, त्याचं ती काही बोलणार नाही. पण स्वयंपाकघरात मी आता पाऊल टाकायचं नाही. कालचं शेवटचं. पर्यटकांना उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि बाहेर उभं राहायचं. आज सकाळी एका बाईनं विचारलं, तुम्ही आत येत नाही? मी म्हटलं, मला परवानगी नाही.

कळलं का आई? त्या देवाच्या चुलीपाशी जायची मनाई आहे, पण ती मला. कुंकवाचा काही संबंध नाही. कुंकू लावणारीलाच आहे मनाई. तुम्हाला कधीच नव्हती, कुणीच केली नव्हती. मी खोटं बोलले आणि ते तुम्ही स्वतःच्या कपाळाशी जोडून तीन महिने वागवलंत.

गोधडी तिनं घेतली नाही. उलगडून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा तशीच घडी घातली आणि परत दिली. म्हणाली, ‘तुझ्या हातून घेणार नाही. त्या आणतील तेव्हा त्यांच्या हातून घेईन. लवकर या म्हणावं, माझं वय आहे.’ म्हणून गोधडी आमच्याच कपाटात आहे. जुईला तिच्यावर लोळायची बंदी केलीय.

नीलकंठला काल रात्री सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आज रविवार असून सकाळीच लॅबमध्ये गेलाय. जाताना एवढंच म्हणाला, ‘आईनं मला तीनदा विचारलं होतं, माझं काय चुकलं. मी म्हटलं होतं, तुझंच काहीतरी मनाचं.’ त्याच्याही तोंडून मी खोटं वदवलं.

माफी मागणार नाही, आई. मागितली की तुम्ही लगेच देऊन टाकाल, ‘जाऊ दे गं, लेकरू आहेस’ म्हणाल, आणि मी सुटेन. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, त्याच्याच जिवावर तर मी त्या दिवशी खोटं बोलले. या वेळी जाऊ देऊ नका. चार दिवस बोलू नका माझ्याशी. फोन उचलू नका. मला चालेल.

पण एक काम माझ्यासाठी नाही, चैत्रालीसाठी करा. हे पत्र आधी एकट्या वाचा. मग रात्री सगळे जेवायला बसले की वहिनींना, भाऊजींना, चैत्रालीला वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून. कुठे आवाज बसला तर चैत्रालीला वाचायला सांगा. मधलं काही गाळू नका, मला वाचवू नका. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पोर पाटावर बसली की पहिला हात तुमचा. तुमचे हात चांगले आहेत, आई. त्यांनी कधी काही वाईट केलं नाही.

तुम्हाला ‘आई’ म्हणायचा हक्क उरलाय की नाही ते तुम्ही ठरवा. तोवर पत्राखाली ‘तुमची’ लिहायचं धाडस होत नाही. देवापुढे जसं सांगितलं तसंच तुमच्यापुढे सांगते, म्हणजे कुणाची गफलत होणार नाही:

सुचित्रा नीलकंठ गुंजाळ,
राहणार उरुमा, ओकिनावा,
जन्म सशाच्या वर्षी.
राख मी घेतली. ती बाई नव्हे, ही बाई.